पाचवी ‘ब’ची गोधडी

धम्मदीनाला शाळेत धम्मदीना कुणीच म्हणत नव्हतं. पोरांसाठी ती दीना मॅम, चपराश्यासाठी दीनाजी, आणि मुख्याध्यापिका प्रेमलताबाईंसाठी नुसतीच दीना. पूर्ण नाव होतं कागदावर, पण कागद वाचायला सवड कुणाला आहे? तिनेही कधी कुणाची चूक सुधारली नाही. जुन्या इंदुरातल्या त्या खाजगी शाळेत ती लागली तेव्हा वडिलांनी, भाऊरावांनी, एवढंच बजावलं होतं, “बेटा, काम चोख ठेव. बाकी चर्चा करायची नाही.” भाऊराव महूच्या छावणीत स्टोअरकीपर होते, त्यांचे वडील फौजेत. गप्प राहून निभावून नेणं त्या घरात सगळ्यांना यायचं.

सगळ्यांना म्हणजे आई सोडून. गयाबाईंच्या तोंडाला कुलूप कधी लागलंच नाही. नवऱ्याचे विटलेले खाकी शर्ट फाडून त्या गोधड्या शिवायच्या आणि शिवताना छावणीतल्या साहेब लोकांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायच्या. लहानपणी धम्मदीनाला अपूर्णांक काही केल्या येईनात, तेव्हा याच माउलीने गोधडी अंथरून तिला मधोमध बसवलं होतं. “हा एक चौकोन तुझा. आता सांग, सगळ्यातलं तुझं किती?” गणिताच्या मास्तरांनी हात टेकले होते, ते काम गोधडीने एका दुपारी केलं.

पुढे धम्मदीना स्वतः गणित शिकवायला लागली, केस पांढरे व्हायला आले, आणि पाचवी ‘ब’ वाट्याला आली. काय वर्ग होता, विचारू नका! पाव मोठा की अर्धा, यावर हात वर करून मतदान घ्यायचे बेटे. आणि शेवटच्या बाकावर पलक. गरिबांच्या राखीव जागेवर आलेली. आई नगर निगमची सफाईवाली, उजाडायच्या आत झाडू घेऊन रस्त्यावर. पोर वर्गात तोंड उघडायची नाही. नाव विचारलं तरी बाकाकडे बघून सांगायची. धम्मदीनाचा जीव त्या एका पोरीत अडकला होता. का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः तशीच बाकाकडे बघत शिकली होती.

म्हणून तिने वर्गाला सांगितलं, घरातल्या आपल्या आवडत्या माणसाचं जुनं, वापरलेलं कापड आणा, आपण वर्गाची गोधडी शिवू. पोरं खूश. “मॅम, गुदडी? सच्ची की?” श्रेयाने आजीच्या महेश्वरी साडीचा काठ आणला. यशवर्धनने पणजोबांच्या दरबारी अचकनीचा तुकडा आणला आणि सोबत पणजोबांच्या घोड्याची लांबलचक हकीकत. पलकने आणला आईच्या कामाच्या जॅकेटचा तुकडा, नारिंगी, मधून चमकती रुपेरी पट्टी.

“मम्मी रोज पहनती है,” ती म्हणाली. “अंधेरे में गाडीवाले को दिखना चाहिए ना.”

वर्गभर पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू गेला. मग काय, त्या पट्टीवर बोट फिरवायला झुंबड! टॉर्च आणा, अंधार करा, पडदे ओढा. धम्मदीनाने सगळे तुकडे स्वतः घरी धुतले, इस्त्री केली, आणि पाच ओळींत पाच-पाच असे मांडले. जॅकेटचा तुकडा मधोमध ठेवला, सगळ्यात झगझगीत तोच होता म्हणून. महिनाभर गणिताच्या तासाला टाके पडत होते. बाकीच्यांचे टाके दारू प्यायल्यासारखे चालायचे. पलकचे मात्र असे सरळ की गयाबाईंनीही एकदा बघून “हं” म्हटलं. गयाबाईंचं “हं” म्हणजे सोन्याचा बिल्लाच. धावदोरा घालता घालता पोरगी बोलायला लागली. पंचविसातलं एक, पंचविसातले पाच म्हणजे एक पंचमांश, ती दुसऱ्यांना समजावून सांगायची. धम्मदीनाने तिला मॉनिटर केलं, खडू-डस्टरच्या कपाटाची किल्ली दिली. किती वर्षांनी तिला शाळेत जायला उठावंसं वाटत होतं.

तेवढ्यावर थांबली असती तर! पण नाही, उत्साह अंगात आला की माणसाला पुढचं दिसत नाही. तिने गोधडी पोरांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. एकेकाने एक रात्र न्यायची, आईवडिलांसोबत बसून त्यावरची गणितं सोडवायची, आणि कोणता तुकडा कुणाचा ते घरी सांगायचं.

पहिली पाळी श्रेयाची. दुसऱ्या दिवशी तिची आई मधुरिमा स्वतः गोधडी घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत. जंतुनाशकाचा वास दरवाज्यापासून येत होता. “वॉश करून दिलीय हं मॅडम,” ती गोड हसून म्हणाली. “एवढ्या मुलांचे हात लागतात ना.” धम्मदीनाने मनाला समजावलं, असेल बाई, स्वच्छतेची हौस असेल. पुढच्या घरून निरोप आला की मेहमान आले होते, जमलं नाही. त्याच्या पुढच्या घरी गोधडी रात्रभर गॅलरीच्या कठड्यावर लटकत राहिली, पोराने भाबडेपणाने सांगून टाकलं. यशवर्धनकडून आली ती न उघडताच. धम्मदीनाने सुतळीला मारलेली गाठ जशीच्या तशी होती.

आता मनाला समजवायला काही उरलं नव्हतं. एकच गोष्ट तिने धरून ठेवली, पलकला हे कळता कामा नये. बाकी काही झालं तरी चालेल, पण त्या पोरीला कळता कामा नये.

प्रेमलताबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. चहा आला म्हणजे गोष्ट वाईट.

“बघा दीना, मला पर्सनली काही नाही. पण पेरेंट्सचे फोन येतायत. हायजीनचा इश्यू म्हणतात. तो मधला एक पीस काढून टाका ना. त्यात काय एवढं?”

“मॅडम, सगळे तुकडे मी स्वतः धुतले होते. तो पण.”

“मला कळतं हो. त्यांना कोण समजावणार?”

“मी समजावते. पालकांच्या सभेत बोलते मी.”

प्रेमलताबाईंनी कप खाली ठेवला. “तुम्ही नका बोलू, धम्मदीना. तुम्ही बोललात तर लोक वेगळाच अर्थ काढतील.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंच्या तोंडून पूर्ण नाव आलं, आणि तेही अशा वेळी! म्हणजे कागद वाचला होता तर. धम्मदीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. टेबलावरचा चहा त्या फायलींवर ओतावा असं वाटलं. पण तिने “जी मॅडम” म्हटलं आणि उठली. हाच तर राग होता, की ती “जी मॅडम” म्हणाली.

घरी गयाबाई कोथिंबीर निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. “मग? काढणार?”

“नाही काढणार.”

“मग काय करणार?”

“पोरांना सांगितलं, वार्षिक प्रदर्शनासाठी जपून ठेवतेय. खडू-डस्टरच्या कपाटात ठेवली. प्रदर्शनात सगळ्यांसमोर लावीन, जशी आहे तशी. आणि बोलीन. नोकरी गेली तर गेली.”

“तू त्यांना शिकवायला निघालीस?” गयाबाई म्हणाल्या. “त्यांना काय येत नाही, बाई? सगळं येतं.” आणि पुन्हा कोथिंबिरीत डोकं घातलं. लेकीला थांबवलं मात्र नाही.

पलकची पाळी शेवटची होती, ती राहून गेली. “मॅम, मेरी बारी कब?” तिने दोनदा विचारलं. “प्रदर्शनानंतर, बेटा,” धम्मदीना म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत बघणं टाळलं. नंतर पलकने विचारणं सोडलं. मधल्या सुट्टीत ती वर्गातच थांबायला लागली. धम्मदीनाला वाटलं, बरं झालं, बाहेरच्या पोरींच्या कुजबुजीपासून लांब आहे. स्टाफरूममध्ये बसून ती डब्यापुढे आपलं भाषण घोकायची. ‘माझं नाव धम्मदीना. या गोधडीत एक तुकडा आहे, त्याबद्दल मला बोलायचंय.’ एवढ्यावरच अडायची आणि पुन्हा पहिल्यापासून घोकायची.

प्रदर्शनाच्या सकाळी ती लवकर पोचली. पलक आधीच येऊन बसली होती, वेणीला रिबिनी, बूट पॉलिश केलेले. धम्मदीनाने कपाट उघडलं, गोधडी काढली आणि टेबलावर पसरली.

मधोमध पांढरं कापड होतं. त्यावर बारीक गुलाबी फुलं. चारही बाजूंनी टाके इतके सारखे की आधी काही वेगळं होतं याची खूणसुद्धा नव्हती.

“पलक,” तिच्या तोंडून कसंबसं निघालं, “हे कुणी केलं ग?”

“मैंने, मॅम. लंच में. चाबी मेरे पास ही रहती है ना.” पोरगी जवळ आली. “श्रेया बोली, उसकी मम्मी को उस कपडे से अॅलर्जी है. सबकी मम्मी को है. फिर आप को मॅडमजी ने डाँटा भी था. तो मैंने निकाल दिया.”

“आणि हे कापड?”

“मम्मी लाई दुकान से. मैंने मम्मी को बताया ना, तो मम्मी कुछ नहीं बोली, शाम को ये ले आई.” पलकने त्या फुलांवरून हात फिरवला, मग पटकन मागे घेतला. “बिलकुल नया है मॅम. किसी ने पहना नहीं है. मम्मी ने भी नहीं.”

बाहेर गाड्यांचे दरवाजे वाजत होते, आईवडील यायला लागले होते. धम्मदीनाला त्या पोरीला छातीशी धरायचं होतं. बोंब मारून सबंध शाळा गोळा करायची होती. पण समोर पलक उभी होती, मॅम काय म्हणतात याची वाट बघत, एखादं अवघड गणित सोडवून वही पुढे केल्यासारखी. आणि धम्मदीनाच्या तोंडून नुसत्या सवयीने तेच निघालं जे ती रोज म्हणायची.

“टाके फार छान आलेत, बेटा.”

पलकचा चेहरा उजळला. “अब तो सब घर ले जाएंगे ना, मॅम?”

“हो,” धम्मदीना म्हणाली. “आता नेतील.”

पलकने गोधडीची दोन टोकं उचलली, आणि दुसरी दोन धम्मदीनाने धरली.