न विचारता घेतलेला आकडा

आमच्या लॅबचे किस्से मी हसवायलाच सांगायला घेते. पण दोन-तीन झाले की मीच सांगायची थांबते. नांदेडच्या एका कॉलेजातली ही लॅब. सहा मशीन, त्यांना जोडणारं भन्नाट वेगाचं नेटवर्क, आणि काम एकच, पैनगंगेच्या पुराचा अंदाज. प्रत्येक मशीनच्या मेमरीत नदीचा एकेक तुकडा. पाण्याच्या पातळीचे इकडचे आकडे तिकडे कोणत्या प्रोटोकॉलनं, म्हणजे कोणत्या पद्धतीनं न्यायचे, हे ठरवणारी मी. आणि मी जन्माची भित्री.

*

प्रोग्राम लिहिणारा गौतम हदगावकडचा. आईबापाचं घर नदीकाठीच. तो एकदा आमच्या सरांना समजावून राहिला होता. "सर, एक प्रोटोकॉल विचारून घेतो. समोरच्या मशीननं उत्तर दिलं की आकडा मिळतो. दुसरा न विचारता थेट तिच्या मेमरीतून उचलतो. लई फास्ट."

सर म्हणाले, "म्हणजे शेजारणीच्या घरात शिरून डब्यातली साखर घ्यायची, अन् तिला पत्ताच न्हाई?"

"हाव सर."

"अन् डब्यात मीठ असलं तर?"

सर हसले. गौतम हसला नाही.

*

लातूरला पाहुण्यांसमोर डेमो होता. वेग दाखवायच्या नादात मी पोच न मागणारा प्रोटोकॉल लावला. आकडा पाठवायचा, पोचला का ते बघायचं नाही. काही आकडे वाटेतच गळाले आणि नकाशावरून अख्खं हदगाव गायब! एक पाहुणे शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझी सासुरवाडी हाय तिथं. बुडाली का?"

त्याच दिवशी पोच घेणारा प्रोटोकॉल लावला.

*

एकदा न विचारता घेऊन पाहिलं. एक मशीन आकडा लिहीत असतानाच शेजारच्या मशीननं तो उचलला. अर्धा जुना, अर्धा नवा. हिमायतनगरला नदी थेट मोबाईल टॉवरच्या उंचीची! सगळे पोट धरून हसले. मी मात्र जाऊन तोंडावर पाणी मारलं. खरा पूर असताना आकडा लहान आला असता तर?

*

शेवटी कायमचं ठरवायची वेळ आली. गौतम म्हणाला, "ताई, विचारूनच घेऊ. विचारलं की समोरचा जिता हाय का मेला, तेवढं तरी कळतं."

"पुरात एकेक मिनिट मोलाचं असतं रे," मी म्हटलं, आणि न विचारता घ्यायचं ठरवलं. त्यानं वाद घातला नाही. घरी फोन लावून म्हणाला, "माय, उगं नदीकडं बघत बसत जाऊ नको. पानी चढायच्या आधी मीच फोन करतो."

*

मागच्या पावसाळ्यातली दुपार. सकाळपासून धो धो चालू होता. हदगावचा आकडा मात्र जागचा हलत नव्हता.

"बघ, पाणी स्थिर आहे," मी म्हटलं.

गौतम उठून हदगावच्या मशीनपाशी गेला. कीबोर्ड दाबला. काही नाही. स्क्रीनवरचं घड्याळ साडेआठवर थांबलेलं. मशीन सकाळीच गोठली होती. तिचं नेटवर्क कार्ड तेवढं चालू होतं, आणि मेमरीतला सकाळचाच आकडा आम्हाला देत होतं. विचारून घेतलं असतं, तर सकाळीच कळलं असतं.

त्यानं स्पीकरवर फोन लावला.

"माय, कुठं हायस?"

"माळवदावर. खाली घरात पानी हाय. गल्लीतले समदे सकाळीच शाळंत गेले. तुझा बाप म्हनला, गौतमचा फोन आला न्हाई, म्हंजी पानी येत न्हाई."

"बा कुठं हाय?"

"म्हस सोडाया खाली उतरलाय. लई येळ झाला."