अठ्ठेचाळीस बरोबर अठ्ठेचाळीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गोष्ट तशी एवढीशी — एक कॉम्प्युटर, एक डिस्क. म्हणूनच की काय, सांगायची लाज जास्त वाटते.

मी आकड्यांचा माणूस. आमची पाण्याची टाकी किती मिनिटांत भरते, ते मला विचारा. मी मोजलं म्हटल्यावर नात्यात कुणी पुन्हा मोजत नाही. हे मला आवडतं — फार आवडतं. ते मला नडलं, असं म्हणू? नाही. नडलं ते ताईला.

सुलूताई, माझी थोरली बहीण, भाट्याला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं आपल्याकडचे शब्द गोळा करायला घेतले. कातळावरचे, भातशेतीचे, मासळीचे. तिच्या ओळखीच्या हलीमाखाला — खाला म्हणजे मावशी — होडीच्या एकेका फळीचं नाव सांगायच्या. दर रविवारी ताई आमच्याकडे येऊन ते टाइप करायची. चार वर्षांत अठ्ठेचाळीस फाइली, एकोणीसशेच्या वर शब्द. टाइप झालेले कागद तिनं फाडून टाकले. तेही माझ्याच सांगण्यावरून.

मग मी मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलले, नवी एसएसडी डिस्क बसवली. तिच्यावर विंडोज नव्यानं टाकायचं होतं आणि जुनी डिस्क पुसायची होती. ताईला म्हटलं, तुझ्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घेतो, एकदा बघून घे.

"तू करतोयस ना, बाबू? मग मी कशाला बघू!"

मी कॉपी केल्या. दोनदा मोजल्या. अठ्ठेचाळीस बरोबर अठ्ठेचाळीस. जुनी डिस्क निर्धास्तपणे फॉरमॅट केली.

नवं विंडोज झकास चालू झालं. ताईची पहिली फाइल उघडेना. दुसरीही नाही. मग दिसलं — प्रत्येक फाइलीच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण. शॉर्टकट! फाइल नव्हे, फाइलीकडे नेणारी नुसती खूण. तिला शोधायला नको म्हणून मीच कधीतरी डेस्कटॉपवर करून ठेवलेले. मूळ फाइली डिस्कवरच राहिल्या होत्या. मी संख्या जुळवली, आकार पाहिलाच नाही. सगळे मिळून शंभर केबीसुद्धा नव्हते.

इथवर चूक होती. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण मी ताईला सांगितलं — कॉपी करायच्या आधीच जुनी डिस्क अचानक गेली.

ती म्हणाली, "मेल्या, तोंड पाडून बसू नको. तू काय मुद्दाम घालवलीस? चहा टाक."

सांत्वन तिनं माझं केलं. आणि मी ते करून घेतलं.

एवढंच सांगून थांबावं असं वाटत होतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आठवड्यानं ती म्हणाली, "दुकानात दाखवून बघ ना. निघतं म्हणतात काहीतरी." निघतं — हे मला ठाऊक होतं. फॉरमॅट केलं तरी वर नवीन काही लिहीपर्यंत जुनं बरंचसं आत असतं. पण दुकानदार डिस्क जोडणार आणि मिनिटभरात म्हणणार, हिला काय झालंय? मग? मी डिस्क पेपरात गुंडाळून बाजारात नेली, दुकानासमोरून दोन फेऱ्या मारल्या आणि तशीच घरी आणली. "दाखवली, ताई. काही उरलेलं नाही."

तिचे शब्द मला प्यारे नव्हते का? होते. माझा शब्द जास्त प्यारा होता.

याला पाच वर्षं झाली. दरम्यान हलीमाखाला गेल्या. ताई रविवारी येत राहिली, पण कॉम्प्युटरकडे फिरकली नाही.

गेल्या महिन्यात मात्र ती कोरी वही घेऊन आली. "आठवतंय तेवढं लिहिते. तीनशे तरी होतील की!" आणि हसली. मागच्या रविवारी एकसष्ट झाले होते. बासष्टाव्याला अडली. "होडीच्या पुढे, नाळेच्या आतल्या त्या फळीला हलीमाखाला काय म्हणायच्या रे?"

काल मी डिस्क खरोखरच दुकानात दिली. पाच वर्षांत तिच्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. दुकानदारानं जोडून पाहिली आणि म्हणाला, "काका, ही तर ठणठणीत आहे!" पुढे म्हणाला, "बरंचसं निघेल असं वाटतंय. पण नक्की बुधवारी सांगतो."

शब्द हातात घेऊनच ताईपुढे जावं, असं मनात आलंच. त्या आनंदात माझं खोटं तिनं बहुधा ऐकून सोडून दिलं असतं.

ताई उद्या येते. म्हणूनच मी तिला उद्याच खरं काय ते सांगणार आहे, बुधवारच्या आधी.