देवापुढची पत्रिका

लग्नाची पत्रिका हातात आली की तुम्ही-आम्ही आधी काय बघतो? मुलगी कुणाची, मुलगा काय करतो, जेवण कुठं. आमच्या बाई आधी पत्रिका उलटी करायच्या. मागं कोपऱ्यात छापखान्याचं नाव दिसलं की चेहरा खुलायचा. नाही दिसलं तर, "शी! बेवारशी कागद की हो हा!" पण बेवारशी म्हणून टाकायच्या थोड्याच? तोही पिशवीत जायचा.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या संशोधन ग्रंथालयात त्या संग्रह सांभाळायच्या आणि शनिवारी मोडी लिपीचा वर्ग घ्यायच्या. मी तिथं नोंदणीच्या टेबलावर. ग्रंथालय ना सरकारचं, ना कॉलेजचं. गावातल्या हौशी मंडळींनी चालवलेलं. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त वकील होते, पण राज्य बाईंचं.

बाईंचं माहेर अक्कलकोटचं, नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्याची. मराठीत रागावता रागावता मध्येच "अय्यो!" म्हणून कानडीत शिरायच्या, तेव्हा आम्ही समजायचो की आता खरा राग आलाय. आणि खरा राग यायला एकच शब्द पुरे होता. वाळवी. कपाटाकपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या, भिंतीपासून हातभर लांब मांडण्या, दर आठवड्याला बॅटरी घेऊन तपासणी. एका प्राध्यापकांनी सहज विचारलं, "जुने कागद म्हणजे वाळवी असेलच ना?" झालं! "माझ्या कपाटात? तिची काय टाप हाय!" त्या गृहस्थांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

पत्रिका जमवायची त्यांची रीत मात्र जगावेगळी. आपल्याकडं पहिली पत्रिका देवाला. हळद-कुंकू लावायचं, अक्षता ठेवायच्या, देवापुढं मांडून यायचं. पुढं तिचं काय होतं, याचा विचार तुम्ही तरी कधी केलाय? पुजारी गठ्ठा बांधून पाण्यात सोडतात. बाई एका देवळात जाऊन पुजाऱ्यांना म्हणाल्या, "देवाचं वाचून झालं असंल तर मला द्या की." पुजारी इतके हसले की गठ्ठाच देऊन टाकला. मग देवळामागून देवळं झाली. उर्दू पत्रिका एका छापखानावाल्या चाचांनी दिल्या. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, अशी सगळी सोलापूरची लग्नं आमच्या कपाटात येऊन बसली, आणि आम्ही प्रदर्शन ठरवलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मोडीच्या वर्गातली सुवर्णा रांगोळी काढायला आली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, पेठेतल्याच घरात सून म्हणून आलेली. रांगोळी काढून आत गेली आणि मधल्या काचेच्या पेटीपुढं खिळून उभी राहिली. पेटीत अध्यक्षांची लाडकी, सोनेरी हत्तींची पत्रिका होती.

"बाई," ती म्हणाली, "ही माझी हाय."

मला आधी कळेचना. सुवर्णा हे नाव सासरचं. पत्रिकेवरचं माहेरचं नाव आम्हाला कुठलं माहीत? आणि नवऱ्याचं नाव तर भलतंच. मग उलगडलं. आधी एक लग्न ठरलं होतं, पत्रिका देवाला गेली होती आणि हळदीच्या तोंडावर मुलाकडच्यांनी मोडलं. माहेरच्यांनी ही गोष्ट सासरी सांगितलीच नव्हती. अहो, पत्रिका देवापुढं जाते ती लग्नाच्या आधी! पुढं ते लागलं की नाही, हे पत्रिकेला कुठनं कळणार? आम्हा दोघींच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं.

"लग्न मोडलं त्यात तुझं काय चुकलं?" बाई म्हणाल्या.

"ते न्हाय बाई. सासूबाई लई जीव लावतात. दुपारी भिशीच्या बायकांना घेऊन यायल्यात. माहेरचं नाव बघितल्याबरोबर वळखतील. आपल्याला फसवलं असं वाटंल त्यांना."

बाईंनी पेटी उघडली, पत्रिका काढली आणि तिच्या हातात दिली. संग्रहातला कपटासुद्धा दाराबाहेर न जाऊ देणारी ही बाई!

दुपारी हॉल गच्च भरला. सुवर्णाच्या सासूबाई पहिल्याच रांगेत. अध्यक्षांनी भाषण तयार केलेलं ते नेमकं त्या पत्रिकेवर. पेटीपाशी आले आणि थबकले. "बाई, हत्तींची पत्रिका कुठं गेली?"

बाई म्हणाल्या, "वाळवी लागली."

माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट कलंडायचंच राहिलं. बाईंचं तोंड लालबुंद झालं होतं, पण आवाज हलला नाही. समोर पत्रकार बसलेले, त्यांनी लगेच टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, "दुर्मिळ संग्रहाला वाळवी." मग काय विचारता! ज्याला त्याला बाईंना उपाय सुचवायचा चेव आला. चहा न मिळालेल्या प्राध्यापकांनी तर खास फोन केला. अध्यक्षांनी औषध फवारणारी माणसं बोलावली, आणि ती बाईंच्या ठणठणीत कपाटांवर फवारे मारत असताना बाई नाकाला पदर लावून पायरीवर बसल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "खोटं बोलले तर वास घ्यायला पायजे की." मला हसू आलं आणि भडभडूनही आलं.

यंदाच्या थंडीत बाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. ग्रंथालयात शोकसभा ठेवली. अध्यक्ष बोलले, "एवढा मोठा संग्रह, आणि एवढ्या वर्षांत एकच पत्रिका वाळवीनं नेली. तेवढंच गालबोट."

सुवर्णा उठून उभी राहिली. शेजारी सासूबाई बसलेल्या. तिनं पर्समधून पत्रिका काढली. सोनेरी हत्ती, हळदीचा डाग, सगळं जसंच्या तसं.

"वाळवी लागली नव्हती," ती म्हणाली. "ही माझी पत्रिका. माझं पहिलं लग्न मोडलं होतं. ते कुणाला कळू नये म्हणून बाईंनी स्वतःला नावं ठेवून घेतली." डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

सासूबाईंनी पत्रिका वाचली, वर सुनेकडं बघितलं. मग तिच्या हाताला धरून खाली बसवलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

"गप गं आता," त्या म्हणाल्या. "पत्रिका भिजंल की."