अडॅप्टरवाले अप्पा

चौसाळ्याच्या शिवलिंगअप्पांना कुणाचाही फोन आला की ते नावाआधी विचारत, "भिंग काढून परत बसवलं का?" फोन फोटोग्राफरचाच असणार, हे त्यांनी धरलेलंच असे. त्यांच्या स्टुडिओशेजारी माझं अल्बम छपाईचं दुकान. मिररलेस कॅमेरे आले तेव्हा सगळ्यांनी नवे कॅमेरे घेतले, पण भिंगं जुनीच ठेवली. दोन्ही जोडायला मध्ये अडॅप्टर नावाची कडी लागते. ती भलत्याच कंपनीची असली की भिंग लावलंय हेच कॅमेऱ्याला ऐन वेळी कळत नाही.

अप्पा कडीवरचे पितळी ठिपके खोडरबराने हलके घासत. "लई काई न्हाई, मळ हाय." चहापलीकडे काही घेत नसत. मी बोललो तर म्हणत, "कावून घेऊ? आपलीच पोरं हायती."

या पोरांनीच पुढे अप्पांची लग्नाच्या फोटोंची कामं पळवली. अप्पांना आता नीट दिसत नाही, असं गावोगाव सांगितलं.

लिंबागणेशला एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. काम संतोषकडे, अप्पांच्याच हाताखाली शिकलेला. हळदीआधी त्याचा कॅमेरा अडला. अप्पा माझ्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. घासून उपयोग होईना. कडीचे स्क्रू सैल झाले होते, ते त्यांनी आवळले आणि फोकस लागला. तेवढ्यात पुढारी आले.

"हा कोण?"

"लायटी धरायला आणलाय," संतोष म्हणाला.

"मग धर की बाबा. बसलास काय?"

मी पुढे झालो, तर अप्पांनी नजरेनेच मला थांबवलं. हळद संपेपर्यंत ते लाईट धरून उभे राहिले. संतोषने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

परतताना मी चिडलो. अप्पा म्हणाले, "मी कोण ते सांगितलं असतं, तर त्याचं काम गेलं असतं बे." त्यानंतर त्यांनी कुणाचा कॅमेरा हातात घेतला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या शटरवर बॅनर झळकला. 'आमचे गुरुवर्य'. अप्पांचा फोटो वर, लहानसा. खाली गॉगल लावलेला संतोष, बाकीची मंडळी आणि प्रत्येकाचा मोबाईल नंबर.

अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, बॅनर बघायला आल्या. "दवाखान्यात होते तवा एकजण आला न्हाई," त्या म्हणाल्या. "उतरवा ते."

मी सुतळी कापत होतो, तेवढ्यात संतोषचा फोन आला. बॅनर हायवेवरून दिसतो ना, असं तो विचारत होता.