बनुबाईच्या बैलाचा मान

स्वराज्य येऊन दोन वर्षं झाली, तेव्हा आमच्या ओढ्याकाठच्या दोन वाड्यांची मिळून एकच पंचायत करायचं ठरलं. मी फायनल पास, शिराळ्याची शाळा बघितलेला. वाडीच्या हिशेबाने बॅरिस्टरच! म्हणून लोकांच्या माना डोलवायचं काम माझ्याकडे आलं. टेकवाडीत मी सांगून टाकलं, "बेंदराला कर तुमचाच बैल तोडणार." ओढा ओलांडून करंजवाडीतही तेच सांगितलं. दोन्हीकडे हात वर. पंचायत झाली, मी चिटणीस झालो. बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, तोंडावर आला तेव्हा डोक्यात उजेड पडला, की आता वेस एक, तिच्यावर बांधायची कर, म्हणजे पानांचा दोर, एक, आणि तो तोडून पहिल्यांदा आत शिरायचा मानही एकच.

टेकवाडीचा मान बनुबाईचा. नवरा पलटणीतून इटलीला गेला, तो परतलाच नाही. भावकी म्हणाली, "बाईमाणसानं कासरा धरून वेशीत जायचं व्हय?" बनुबाईने विचारलं, "पेरणीला कुठं हुता रं समदी?" आणि बैल घेऊन निघाली. तेव्हापासून तो मान तिने सोडला नव्हता. आता तो गेला असता तर भावकी पुन्हा दात काढायला मोकळी.

ती माझ्या दारात आली. "काय रं चिटणीसा, करंजवाडीच्या लालासाहेबालाबी शब्द दिलायस म्हनं?"

"आवं काकी, वाड्या एक व्हाव्यात म्हणून..."

"आन टाळकी दोन व्हावीत म्हनून! दंड म्हनून माझ्या बैलाला नवा गोंडा आन. फुडचं मी बघती."

बेंदराला वेशीपाशी दोन्ही वाड्या काठ्या टेकून उभ्या. करंजवाडीचा लालासाहेब मिशीला तूप लावून, बैल धरून पुढे.

"बनुकाकी, जरा मागं सरा."

"का रं? पेरणीला माझा बैल लागतो, तवा न्हाई म्हनत मागं सरा."

खोटं नव्हतं. दोघांकडे एकेकच बैल. दरसाल वारंगुळा करायचे, म्हणजे दोघांचे बैल एका जुवाखाली; आधी तिचं रान, मग याचं.

"पर आज बेंदूर हाय. मानंवर जू ठेवायचं न्हाई."

"जू कशाला? बघ की."

तिने कासरा सोडला. बैल शिंगं झुलवत गेला आणि लालासाहेबाच्या बैलाच्या डाव्या अंगाला, पेरणीतल्या आपल्या जागी, जाऊन उभा राहिला. त्या बैलानेही सरकून जागा दिली.

"आता ह्यातला फुडचा कंचा, ते सांग गड्या!" ती म्हणाली.

आधी करंजवाडी हसली, मग टेकवाडी. लालासाहेबाने मिशी चाचपली आणि आपलाही कासरा सोडला. हलगी कडाडली. दोन्ही बैल खांद्याला खांदा लावून घुसले, दोर तुटला, आणि त्यांच्यामागून बनुबाई अशी चालली, की भावकीला धूळ झटकत मागून यावं लागलं.

पंचायत आता बरी चालते. गोंडा मात्र राहिलाच. भर बैठकीत बनुबाई बाहेरून हाळी देते, "चिटणीस, बैल इचारतोय!"

मी सांगतो, "येत्या बाजारी, काकी."