पेट्यांचा ठेका

मी स्वभावानेच संशयी. घरात साय कमी झाली की मांजराआधी भावाकडे बघणारा. त्यामुळे संगीत करायला बसलो तेव्हा गाणं तयार व्हायच्या आधीच ते चोरीला जाईल अशी धास्ती मला लागली होती.

पांढुर्ण्यात संत्र्याचा हंगाम होता. आमच्या घरामागच्या आवारात एक काका संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचे. दोन हलके ठोके, एक जड, मग फळी सरकवायची, पुन्हा दोन हलके. मला तो ठेका हवा होता. मागितला असता तर त्यांनी हसत दिला असता. पण मागितलं की समोरच्याला वस्तूची किंमत कळते, असं माझं डोकं. शर्टाच्या खिशात मोबाईल लपवून मी चार दिवस त्यांच्याजवळ जाऊन बसलो, उगाच संत्र्याच्या भावाच्या गप्पा मारत.

घरी जुन्या लॅपटॉपवर त्या ठोक्यांना ढोलकीची जोड दिली आणि गाणं जमलं! मी केलेलं काहीतरी मलाच पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत होतं. आता फक्त आवाज हवा होता आणि तो माझ्या एकाच मित्राकडे होता. तो सौंसरला शाळेत शिकवायचा. भजनात त्याने सूर लावला की स्वयंपाकघरातल्या बायका लाटणं थांबवून ऐकायच्या. दुसरा गायक माझ्या मनातही नव्हता. तरी त्याला सरावासाठी पाठवलेल्या संगीतावर मी दर दहा सेकंदांनी माझा आवाज टाकून ठेवला, "हे माझं आहे."

"काय बे, चोर समजून राहिला का मले?" तो फोनवर हसला.

"सगळेच टाकतात," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी लोधीखेड्याला एका लग्नात गेलो. वरातीच्या डीजेवर तोच ठेका वाजत होता. दोन हलके, एक जड, फळी. माझं डोकं फिरलं. तिथूनच मित्राला फोन लावला आणि गोंगाटात ओरडून त्याला नाही नाही ते बोललो. "झालं तुयं?" एवढंच विचारून त्याने फोन ठेवला.

मग डीजेवाल्याची गचांडी धरायला गेलो. तो बिचारा गोंधळला.

"भाऊ, हा तं माया सासऱ्याचा हातोडा हाय. पांढुर्ण्याले पेट्या ठोकते तो. म्हणे, एक पोट्टा खिशात मोबाईल लपवून रोज येऊन बसून राहिला. म्या म्हटलं, एवढं लपवून राहिला तं काही तरी असंन याच्यात. मीबी जाऊन मोबाईलात भरून आणला." मग माझ्याकडे नीट बघत त्याने विचारलं, "तो पोट्टा तूच का?"

मी पंगतीत न बसताच परतलो.

दुसऱ्या दिवशी सौंसरला गेलो. शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभा राहिलो आणि मित्राची माफी मागितली. लाज वाटत होती, पण गाणं हातचं जाईल ही भीती जास्त होती. त्याने ती ओळखली असावी. "गातो," तो म्हणाला. नेहमीसारखा चहाला मात्र घेऊन गेला नाही.

आठवड्याने त्याचं गाणं मोबाईलवर आलं. काय गायला होता! अंगावर काटा आला. आणि दहाव्या सेकंदाला, सूर चालू असतानाच, हजेरी घेतल्यासारखा त्याचा शांत आवाज मधे आला, "हे माझं आहे." मग विसाव्या सेकंदाला. मग तिसाव्या. मी शेवटपर्यंत ऐकलं.

साफ गाणं पाठव, एवढंच म्हणायचं होतं. ते मला अजून मागता आलेलं नाही.