रिकाम्या टाकीतले मासे

विचारताच आहात तर सांगतो, पण आधी चहा संपवा. ऐकल्यावर माझ्याकडे बघायची तुमची नजर बदलणार आहे. कंपनीत तर सगळ्यांची बदललीच आहे.

मी मूळचा सांगलीचा. इथे इंदुरात सांवेर रोडवर एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट सांभाळतो. म्हणजे पाण्याबद्दल मला कुणी शिकवावं, असं मला वाटत नाही. अन्नपूर्णा भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने एकटाच राहतो. खाली घरमालकीण नलूकाकू. यांची तिसरी पिढी इंदुरात, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरल्या ते त्यांनाही कळत नाही. मी नसताना सिलिंडर आला तर घ्यायला म्हणून एक चावी त्यांच्याकडे असते.

तर मी एक छोटी काचेची टाकी आणली. खाली माती, वर वाळू, त्यात खऱ्याखुऱ्या पाणवनस्पती. आता अशा टाकीत लगेच मासे सोडायचे नसतात. आधी पाण्यात चांगले जिवाणू वाढू द्यायचे, कारण पुढे माशांची घाण तेच पचवतात. त्याला काही आठवडे लागतात. आमच्या प्लांटमध्येही हेच चालतं, फक्त मासे नसतात.

रोज संध्याकाळी मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचो. काकू वर आल्या की विचारायच्या, मासे कुठेत? मी जिवाणू समजावायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी कंटाळलो आणि म्हणालो, "आहेत हो काकू. झाडांमागे लपलेत."

काकूंनी वाकून टाकीत बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "अच्छा," एवढंच म्हणाल्या आणि खाली गेल्या.

सुटलो, असं मला वाटलं. पण एक खोटं पचलं की माणसाला चव लागते. काकू रोज माशांची चौकशी करायला लागल्या, आणि मीही सांगायला लागलो. एक जरा लाजाळू आहे, दुसरा भारी खोडकर आहे, आज दोघांचं पटत नाहीये. काकू सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या. किती भोळी बाई, असं मला वाटायचं.

आठवड्याभरात पाणी दुधासारखं झालं. दुसरा कुणी घाबरला असता. मी खूश झालो, कारण जिवाणू वाढताना पाणी असं गढुळतं हे मला माहीत होतं. मग वाळूवर पांढरे, लोकरीसारखे गोळे दिसायला लागले. मी त्यांचे फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, 'जिवाणूंची वसाहत.' वर आमच्या मॅनेजरना, दुबेजींना, रविवारी पोहे-जलेबीला घरी बोलावलं. कंपनीचा नवा मोठा प्लांट कुणाच्या हाती द्यायचा हे तेच ठरवणार होते. माझं पाण्यावरचं प्रभुत्व त्यांनी प्रत्यक्ष बघावं, एवढाच हेतू.

शनिवारपर्यंत टाकीला वास यायला लागला. मासे आणायचं पुढे ढकललं, पण साहेबांना कसं ढकलणार? मी उदबत्ती लावली.

रविवारी दुबेजी आले. नाकाला रुमाल लावून टाकी बघत होते, मी वसाहत समजावत होतो. तेवढ्यात काकू हातात वाटी घेऊन आल्या. "चालू द्या तुमचं," म्हणाल्या आणि वाटीतल्या कणकेच्या गोळ्या एकेक करून झाडांमागे सोडायला लागल्या.

"काकू, हे काय?"

"आट्याच्या गोळ्या. रोजच तर घालते, तुम्ही फॅक्टरीत गेले की."

दुबेजींनी खिशातून फोन काढला, माझ्या वसाहतीचा फोटो बघितला, मग काकूंची वाटी बघितली. मला घाम फुटला.

"अहो, पण या टाकीत मासे कुठे आहेत?" मी म्हणालो, आणि तेही चांगल्या चढ्या आवाजात.

काकूंनी वाटी खाली ठेवली. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"नाहीत ना, बेटा. मला तर पहिल्या दिवसापासून दिखतंय. पण तुम्हाला दिसत होते. रोज रिकाम्या टाकीपुढे बसून राहता, कोण लाजाळू, कोण खोडकर ते सांगता. घरचं कोणी जवळ नाही. मला घबराहट झाली. पंडितजींना विचारलं, तर ते बोलले, मछलियों को आटा खिलाओ, याचं दिमाग शांत होईल. मग म्हटलं, याला जे मासे दिसतात त्यांनाच घालावं."

खरं सांगतो, मला रागही येईना. परक्या गावात माझ्यासाठी रोज कुणी कणीक मळत होतं. पण समोर दुबेजी होते, आणि त्यांनी हातातली जलेबी परत ताटात ठेवली होती.

"भिया," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हफ्ताभर छुट्टी ले लो."

आता तरी गप्प बसायचं की नाही मी? पण नाही. मी म्हणालो, "साहेब, गैरसमज होतोय. मासे नसले तरी या पाण्यात करोडो जीव आहेत. फक्त तुम्हाला दिसत नाहीत."

दुबेजींनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली.

"पंद्रह दिन कर लो," ते म्हणाले.